विचार थांबवायला जाऊ नका, त्यांना वेळ ठरवून द्या

संध्याकाळी सातच्या सुमारास साहेबांचा मेसेज येतो, "उद्या आल्यावर जरा भेटा." एवढंच. कशाबद्दल ते नाही, पुढे हसरा चेहरा नाही. जेवताना मागच्या आठवड्यातली मीटिंग आठवते. आपण तिथे जरा जास्तच बोललो का? ओटा आवरताना गेल्या वर्षी ज्याला काढलं तो सहकारी आठवतो. अंथरुणावर पडेपर्यंत नोकरी गेलेली असते, घराचा हप्ता थकलेला असतो आणि सासरी हे कसं सांगायचं याचे संवादही पाठ झालेले असतात. सकाळी साहेब म्हणतात, "पुढच्या आठवड्यातलं प्रेझेंटेशन तुम्ही कराल का?"

मन चिंती ते वैरी न चिंती, हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. तरीही अशा माणसाला आपण एकच सल्ला देतो: "अरे, एवढा विचार करू नकोस." हा सल्ला देणाऱ्याला बरं वाटतं, घेणाऱ्याला त्याचा काडीचा उपयोग होत नाही. कारण विचार मनात येणं आपल्या हातात नसतंच. आलेल्या विचाराला उत्तर देत बसणं, त्याच्याशी हुज्जत घालणं, त्यातून पुढचा "आणि तसं झालं तर?" काढणं, हे मात्र आपण करत असतो. ते करणं आहे, म्हणून त्याची वेळ, जागा आणि पद्धत बदलता येते. या लेखातल्या बहुतेक सूचना तेवढ्या एका गोष्टीवर उभ्या आहेत.

सगळं एकदम सुरू करू नका. दोनच भाग आधी घ्या: चिंतेची वेळ आणि रात्रीचा भाग. ते अंगवळणी पडले की बाकीचं सावकाश.

आधी ओळखा: विचार चाललाय की घोळ?

विचार करणं वाईट नाही. मुलीच्या बारावीनंतर कुठे प्रवेश घ्यायचा, यावर चार दिवस डोकं खपवलं तर त्याला कुणी ओव्हरथिंकिंग म्हणणार नाही. त्रास देतात ते दोन प्रकार. एक, मागचं उगाळणं: "मी तसं का बोललो", "माझंच असं का होतं". दुसरा, पुढची काळजी: "असं झालं तर, तसं झालं तर". दोन्ही आतून उपयोगी कामासारखे भासतात, आणि म्हणूनच सुटत नाहीत.

येल विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ सुझन नोलेन-होक्सेमा यांनी आयुष्यभर या उगाळण्याचाच अभ्यास केला. त्यांच्या कामातून दिसलेली गोष्ट मोठी विचित्र आहे. खिन्न असताना आपल्याच भावना चिवडत बसणाऱ्यांना वाटत असतं की आपल्याला स्वतःबद्दल काहीतरी खोल उमगतंय. प्रत्यक्षात त्यांची खिन्नता जास्त टिकते आणि समोरचा प्रश्न सोडवण्याची ताकद कमी होते.

म्हणून एक साधी कसोटी वापरा. दहा मिनिटं विचार झाल्यावर स्वतःला विचारा: या दहा मिनिटांत नवी माहिती मिळाली का? काही ठरलं का? उद्या करायचं एखादं काम निघालं का? तिन्हींचं उत्तर नाही असेल, तर तो घोळ. शरीरही सांगतं. जबडा आवळलेला असतो, खांदे कानांजवळ आलेले असतात, समोरचा चहा निवलेला असतो आणि तेच वाक्य तिसऱ्यांदा डोक्यात आलेलं असतं.

दाबायला गेलात की उसळतो

१९८७ साली डॅनियल वेग्नर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने विद्यार्थ्यांना सांगितलं की पाच मिनिटं मनात येईल ते मोठ्याने बोला, फक्त पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका. आलाच तर घंटा वाजवा. घंटा वाजत राहिल्या. पुढची गंमत महत्त्वाची आहे. नंतर जेव्हा त्यांना अस्वलाचा विचार करायची मुभा दिली, तेव्हा आधी दाबून ठेवणाऱ्यांच्या मनात तो, सुरुवातीपासून मोकळीक मिळालेल्यांपेक्षाही जास्त आला. कारण नको असलेला विचार आला नाही ना, हे तपासत राहायचं म्हणजे मनाच्या एका कोपऱ्यात तो धरूनच ठेवावा लागतो.

मग करायचं काय? विचार आला की त्याला फक्त ओळख द्या: "हं, नोकरीची काळजी आली." किंवा "परत त्या लग्नातला प्रसंग." बस. तो खरा की खोटा हे ठरवू नका, त्याची समजूत काढू नका, त्याला हाकलूही नका. तो तिथे राहील, थोडा बडबडेल. तुम्ही हातातलं काम चालू ठेवा. सुरुवातीला हे फार कृत्रिम वाटतं, आणि काही विचार एवढ्याने ऐकत नाहीत. त्यांच्यासाठी पुढचा भाग.

चिंतेची वेळ

हे वाचून हसू येईल, पण माझ्या मते या सगळ्यांत जास्त कामाची युक्ती हीच. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातले थॉमस बोर्कोवेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती १९८३ मध्ये तपासून मांडली. आपण काळजी बसमध्ये करतो, पोळ्या लाटताना करतो, जेवताना करतो, अंथरुणात तर करतोच. त्यामुळे हळूहळू प्रत्येक जागा काळजीची आठवण करून देणारी होते. त्याऐवजी काळजीला रोज एकच जागा आणि एकच अर्धा तास नेमून दिला, तर बाकीचा दिवस मोकळा व्हायला लागतो.

वेळ आधी ठरवा. रोज तीच. नोकरी करणाऱ्याला घरी येऊन हातपाय धुतल्यावरचा अर्धा तास बरा पडतो. घरी असणाऱ्या बाईला दुपारी, मुलं शाळेतून यायच्या आत. झोपण्याच्या आधीचे दोन तास मात्र नकोत. जागाही ठरवा, आणि ती पलंग किंवा टीव्हीसमोरचा सोफा नसावी. गॅलरीतलं स्टूल, गच्चीचा जिना, सोसायटीतला बाक चालेल. एका खोलीत पाच माणसं राहत असतील तर देवळाचा कट्टा शोधा. घरच्यांना सांगून ठेवा, नाहीतर "एकटाच काय बसलायस?" म्हणून तिसऱ्या मिनिटाला कुणीतरी येणार.

एक साधी वही घ्या. फोनमध्ये लिहू नका, कारण फोन उघडला की व्हॉट्सॲप उघडतं आणि काळजीत दोन नव्या काळज्यांची भर पडते.

दिवसभरात विचार आला की खिशातल्या चिठ्ठीवर तीन-चार शब्द टिपायचे: "बाबांचा रिपोर्ट", "मोठीची फी", "वहिनी असं का बोलल्या". आणि स्वतःला सांगायचं, "साडेसहाला बघू." मग हातात जे आहे त्यात लक्ष घालायचं. तो विचार पाच मिनिटांनी परत येईल. परत तेच सांगायचं, पुन्हा लिहायची गरज नाही. पहिल्या काही दिवसांत असं दिवसातून कितीही वेळा करावं लागतं आणि लोक इथेच सोडून देतात: "छे, मला नाही जमत." विचार परत येणं म्हणजे न जमणं नव्हे. परत आलेल्याला परत थांबवून ठेवणं, हाच तर सगळा सराव आहे.

ठरलेल्या वेळी वही आणि चिठ्ठ्या घेऊन बसा, अर्ध्या तासाचा गजर लावा. एकेक नोंद वाचा. निम्म्या नोंदी वाचताना "हे काय लिहिलं मी" असं वाटेल. त्यांच्यावर काट मारा. उरलेल्यांना एकच प्रश्न विचारा: यात माझ्या हातात काही आहे का?

असेल, तर पुढची एकच कृती लिहा, वेळेसकट. "बाबांच्या तब्येतीकडे लक्ष द्यायला हवं" ही कृती नव्हे. "उद्या अकरा वाजता डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन करून रिपोर्ट दाखवायची वेळ घेणे" ही कृती. अपुरं काम डोक्यात टोचत राहतं, पण ते नेमकं कधी आणि कसं करायचं हे ठरलं की, काम झालेलं नसतानाही, टोचणी बरीच थांबते. मासिकॅम्पो आणि बॉमाइस्टर या संशोधकांनी २०११ मध्ये प्रयोगांतून हेच दाखवलं.

हातात काही नसेल, तर तीन ओळी लिहा. सगळ्यांत वाईट काय होईल. खरोखर काय होण्याची शक्यता जास्त आहे. आणि वाईटच झालं तर पहिल्या दिवशी मी काय करेन. तिसरी ओळ टाळू नका. "नोकरी गेली तर" या भीतीला शेवट नसतो. पण "नोकरी गेली तर शिल्लक किती महिने पुरेल ते पाहीन, बँकेशी हप्त्याबद्दल बोलेन, जुन्या कंपनीतल्या मित्राला फोन करेन" असं लिहिलं की तिला काठ येतो. एवढं करून वेळ उरला तर मनसोक्त काळजी करा, अगदी ठरवून. लवकरच कंटाळा येईल. कंटाळा आला तरी गजर होईपर्यंत उठू नका, तो कंटाळाही उपचाराचाच भाग आहे.

गजर झाला की वही मिटा आणि लगेच अंग हलवणारं काहीतरी करा: भाजी आणायला जा, कपड्यांच्या घड्या घाला. राहिलेलं उद्याच्या पानावर.

एक अपवाद. छातीत दुखतंय, मुलाला ताप चढलाय, आज रात्री बाराच्या आत अर्ज भरायचाय, हे वहीचे विषय नाहीत. ते आत्ता करायचं.

झालं का ते खरं?

वहीच्या मागच्या पानांवर वेगळी यादी ठेवा. डाव्या बाजूला भीती, नेमक्या शब्दांत आणि तारखेसह: "शुक्रवारच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर माझी चूक काढतील." उजवी बाजू रिकामी. महिनाअखेरीला ती भरायची.

२०२० मध्ये याच पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. चिंतेच्या विकाराचं निदान झालेल्या २९ जणांनी आपापल्या काळज्या टिपल्या आणि पुढे काय झालं तेही. ९१ टक्क्यांहून अधिक काळज्या खऱ्या ठरल्याच नाहीत. २९ हा आकडा लहान आहे, म्हणून त्यावर इमले बांधायला नकोत. तुमच्या स्वतःच्या वहीतला आकडा मात्र तुम्हाला कुणाच्याही अभ्यासापेक्षा लवकर पटेल. ज्या काळज्या खऱ्या ठरतात त्यांच्यापुढे आणखी एक गोष्ट लिहा: निभावलं कसं. बहुतेक वेळा भीतीच्या चित्रात आपण हात बांधून उभे असतो. प्रत्यक्षात कुणी ना कुणी मदतीला येतं, आपणही काहीतरी करतोच.

"का" ला उत्तर नसतं

"तिने मला लग्नाला का बोलावलं नाही?" हा प्रश्न घ्या. याची उत्तरं अनंत आहेत आणि एकही तपासता येत नाही. इंग्लंडमधल्या एक्झेटर विद्यापीठातले एडवर्ड वॉटकिन्स यांचा सगळा भर याच फरकावर आहे: "का" आणि "याचा अर्थ काय" असे हवेतले प्रश्न घोळ वाढवतात, "काय झालं, कसं झालं, पुढचं पाऊल कोणतं" असे जमिनीवरचे प्रश्न तो सोडवतात.

करून बघा. "माझंच असं का होतं?" याऐवजी: काल नेमकं काय घडलं? कुणी, कुठे, कोणते शब्द वापरले? त्याआधी काय चाललं होतं? त्यात मी पुढच्या वेळी वेगळं काय करू शकतो? प्रसंग चित्रपट पाहिल्यासारखा क्रमाने आठवला की "सगळे मला टाळतात" चं "शनिवारी दोन मैत्रिणींनी फोन उचलला नाही" एवढंच उरतं. दुसऱ्या वाक्यावर काहीतरी करता येतं.

काही विचारांच्या मुळाशी मात्र एक मागणी दडलेली असते: साहेब माझ्यावर खूश असायलाच हवेत. मुलांनी माझं ऐकलंच पाहिजे. लोकांनी मला चुकीचं समजताच कामा नये. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ पासून मांडलेल्या, आणि मराठीत विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणून रुजलेल्या पद्धतीत या "च" वरच बोट ठेवलेलं आहे. इच्छा ठेवायला हरकत नाही. "साहेब खूश असावेत असं मला फार वाटतं; नसले तर मला त्रास होईल, पण मी तो सोसू शकेन." हे वाक्य हाताने लिहून काढा. पहिल्यांदा खोटं वाटेल. वाटू दे, आठवडाभर लिहा.

प्रसंग ताजा असेल आणि डोकं तापलेलं असेल, तर स्वतःशी नाव घेऊन बोला. "मी असं कसं केलं" ऐवजी "अरे महेश, तू आत्ता घाबरलायस. आधी काय करायचं ते बघ." ईथन क्रॉस आणि सहकाऱ्यांच्या २०१४ मधल्या प्रयोगांत, भाषणासारख्या ताणाच्या प्रसंगी असं नाव घेऊन स्वतःशी बोलणाऱ्यांना त्रास कमी झाला आणि नंतरचं उगाळणंही कमी झालं. मित्राला सल्ला देताना आपण शहाणे असतो, त्याचाच हा फायदा.

रात्र

दिवे मालवले की डोकं सुरू होतं, ही सगळ्यांची तक्रार. दिवसभर काम, फोन, माणसं यांनी मन गुंतलेलं असतं. रात्री पहिल्यांदा रिकामं होतं आणि राहिलेलं सगळं वर येतं.

झोपायच्या आधी पाच मिनिटं उद्याची कामं लिहा. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात मायकेल स्कलिन यांनी ५७ तरुणांवर हा प्रयोग केला, २०१८ मध्ये तो प्रसिद्ध झाला. निम्म्यांनी झोपण्यापूर्वी पाच मिनिटं पुढच्या दिवसांत करायची कामं लिहिली, निम्म्यांनी झालेली कामं. पहिल्या गटाला सुमारे नऊ मिनिटं लवकर झोप लागली, आणि यादी जितकी तपशीलवार तितकी लवकर. तेव्हा "बँक" एवढंच लिहू नका. "बँक, साडेदहाला, पासबुक आणि आधारची झेरॉक्स" असं लिहा. वही पलंगापासून लांब ठेवा.

पडल्यावर अंदाजे वीस मिनिटांत झोप लागली नाही, तर उठा. घड्याळ पाहू नका, अंदाजच पुरे. दुसऱ्या खोलीत, नसेल तर दुसऱ्या कोपऱ्यात, मंद उजेडात काहीतरी रटाळ करा: जुना दिवाळी अंक, तांदूळ निवडणं, विणकाम. डोळे जड झाले की परत पलंगावर. परत झोप नाही, परत उठा. रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये मांडलेली ही पद्धत निद्रानाशाच्या उपचारात आजही वापरली जाते. पलंग म्हणजे झोप, हे मनाला पुन्हा शिकवायचं असतं; तळमळत पडून राहिलं की पलंग म्हणजे तळमळ हेच पक्कं होतं. सकाळी उठण्याची वेळ मात्र रोज तीच, झोप कितीही झालेली असो. पहिला आठवडा जड जातो.

पहाटे तीनला जाग येऊन डोकं भणभणत असेल, तर स्वतःला एक नियम घालून घ्या: बारा ते पाच या वेळात कोणताही निर्णय नाही, कुणालाही मेसेज नाही, आजाराची लक्षणं शोधणं तर मुळीच नाही. सुचलं ते दोन शब्दांत टिपायचं आणि सोडायचं.

आणि चहा. कॅफीनचं शरीरातलं प्रमाण निम्म्यावर यायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सहाला घेतलेल्या कडक चहातलं निम्मं कॅफीन रात्री अकराला अंगात असतं. पाचनंतरचा कप पंधरा दिवस बंद करून फरक पाहा. ज्यांना सहाचा चहा नसेल तर डोकं चढतं, त्यांनी कप एकदम न सोडता अर्धा करावा.

श्वास आणि पाय

घोळ इतका वाढलाय की वहीही सुचत नाही, अशा वेळी आधी शरीराकडून सुरुवात करा. श्वास सोडताना हृदयाची गती थोडी मंदावते, म्हणून सोडणं लांबवायचं. नाकाने श्वास घ्या, त्यावरच आणखी एक छोटा श्वास घ्या, मग तोंडाने हळूहळू पूर्ण सोडा. पाच मिनिटं. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात महिनाभर रोज पाच मिनिटं असं करणाऱ्यांची मनःस्थिती, तेवढाच वेळ ध्यान करणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारली. चक्कर आल्यासारखं वाटलं तर थांबा. भ्रामरी येत असेल तर तीही चालेल, तिथेही सोडणंच लांब असतं.

चालायला जायचं तर इअरफोन न लावता, आणि जरा दम लागेल अशा वेगाने. रमतगमत चालताना घोळ आरामात सोबत येतो.

निळ्या खुणा आणि "तुला काय वाटतं?"

काळजी कमी करण्यासाठी आपण ज्या गोष्टी करतो त्यांतल्या काही गोष्टी तिला पोसतात. मेसेज वाचला का म्हणून दर दोन मिनिटांनी खुणा बघणं. नवऱ्याला तिसऱ्यांदा विचारणं, "मी चुकीचं बोलले का हो?" तो "नाही गं" म्हणतो, पाच मिनिटं बरं वाटतं, आणि मग "हा नुसतं बरं वाटावं म्हणून तर म्हणत नाही?" सुरू होतं.

नियम असा: एकदा, एकाच माणसाला, आणि नेमका प्रश्न विचारायचा. विचारल्या जाणाऱ्यानेही दुसऱ्या वेळी धीर देऊ नये. "हे तुझ्या वहीत लिही, साडेसहाला दोघं बसून बघू" असं प्रेमाने म्हणावं. आधी समोरच्याला राग येतो, हे धरून चाला.

ज्या गोष्टीचा उलगडा एका वाक्याने होऊ शकतो, तिथे मात्र सरळ विचारून टाकावं. "उद्या आल्यावर भेटा" ला "हो सर. काही तयारी करून येऊ का?" असं उत्तर पाठवायला अर्धं मिनिट लागतं. यात कसला संकोच?

निर्णय होत नसेल तेव्हाही असंच. फ्रिज घ्यायला तीन दुकानं आणि दोन तास. त्यात गरजा भागवणारा जो मिळेल तो घ्यायचा आणि घरी आल्यावर किमती बघायच्या नाहीत. बदलता येणाऱ्या निर्णयांना छोटी मुदत द्या. लग्न, घर, शस्त्रक्रिया यांना मोठी द्या, पण तारखेसह.

ध्यान, जप वगैरे

ध्यानाने अनेकांना फायदा होतो. पण डोकं आधीच भणभणत असलेल्या माणसाला "डोळे मिटून विचारांकडे बघ" म्हटलं की काहींचा घोळ दुप्पट होतो. त्यांनी उघड्या डोळ्यांनी सुरुवात करावी: शेंगा सोलणं, रांगोळी, झाडांना पाणी, ज्यात हात आणि नजर दोन्ही लागतात असं काहीही. जपात ओठ आणि मणी दोन्ही गुंततात, ज्यांची श्रद्धा आहे त्यांना तो चांगला आधार देतो. फक्त वाईट विचार आला की तो पुसायला घाईघाईने जप, असं होऊ देऊ नका. तेही दाबणंच झालं. आणि मन फार बिघडलेलं असताना पहिला उपाय म्हणून थेट इगतपुरीचं दहा दिवसांचं विपश्यना शिबिर गाठणं मला धोक्याचं वाटतं. दहा दिवस मौन आणि दिवसातले कितीतरी तास ध्यान, हे बरं वाटायला लागल्यावर करण्यासारखं आहे.

हे पुरेसं नाही, हे कसं कळायचं

सहा महिने, बहुतेक दिवस, वेगवेगळ्या विषयांची काळजी थांबवता येत नाही आणि त्यासोबत झोप, एकाग्रता, स्नायूंचा ताण, चिडचिड यांचा त्रास आहे, तर तो चिंतेचा विकार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच रस वाटत नाही, खाणं-झोप बिघडलंय, तर नैराश्याची तपासणी करून घ्या. गॅस बंद केला का, कडी लावली का, हात स्वच्छ झाले का, अशी तीच शंका आणि तेच तपासणं दिवसाचा तासभर खात असेल, तर तो वेगळा विकार आहे. त्याला वही पुरत नाही, वेगळी थेरपी लागते. धडधड, वजन घटणं, हात थरथरणं असेल तर थायरॉइडची रक्तचाचणी आधी करा. ती ग्रंथी जास्त स्रवत असेल तरी अशीच अस्वस्थता येते.

जगण्यात अर्थ नाही, आपण नसलेलंच बरं, असे विचार येत असतील तर वाट बघू नका. केंद्र सरकारची टेलिमानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत चालते, तिथे मराठीत बोलता येतं. १० ऑक्टोबर २०२२ पासून ती सुरू आहे. फोन लागला की काय बोलायचं असा प्रश्न पडतो. "मला डोक्यातले विचार थांबवता येत नाहीत, झोप लागत नाही" एवढं सांगितलं तरी पुढचं ते विचारतात. स्वतःला इजा करण्याचा विचार असेल तर तो स्पष्ट शब्दांत सांगा, आणि घरातल्या कुणाला तरी शेजारी बसवा. ठाण्याची आयपीएच ही संस्था १९९० पासून मानसिक आरोग्यावर काम करते. जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात खर्चही फारसा येत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार विमा कंपन्यांनी शारीरिक आजारांच्या बरोबरीने मानसिक आजारांनाही संरक्षण द्यायचं आहे, म्हणून पॉलिसीचे कागद एकदा काढून पाहा.

मानसोपचारतज्ज्ञ हे डॉक्टर असतात, औषध तेच देतात. समुपदेशक आणि मानसशास्त्रज्ञ बोलून उपचार करतात. काहींना दोन्ही लागतं. पहिल्या भेटीला वहीची शेवटची दोन-तीन आठवड्यांची पानं घेऊन जा. किती वाजता, कशावरून, किती वेळ, ही माहिती आयत्या वेळी आठवत नाही. औषध सुरू झालंच, तर चिंतेवरच्या नेहमीच्या गोळ्यांचा पूर्ण परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. चौथ्या दिवशी "काही फरक नाही" म्हणून किंवा दुसऱ्या महिन्यात "आता बरं वाटतंय" म्हणून त्या स्वतःहून बंद करू नका. कमी कशा करायच्या हे डॉक्टरांनाच विचारा.